‘बरं आहे’ म्हणजे नेमकं किती बरं?

अमेरिकेत आरोग्याची पाहणी करणारे लोक गेली कित्येक दशके एक साधा प्रश्न विचारत आले आहेत : ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ उत्तराला पाच पर्याय असतात. उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, ‘फेअर’ आणि वाईट. इंग्रजीत ‘फेअर’ म्हणजे चांगलीच्या एक पायरी खालची, कुरकुर असलेली तब्येत. हाच प्रश्न स्पॅनिश भाषेत नेताना ‘फेअर’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘रेगुलार’ हा शब्द घातला गेला. पण स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘रेगुलार’ म्हणजे नेहमीसारखी, ठीकठाक, चाललंय तसं. आपल्याला कोणी ‘कसं काय?’ विचारलं की आपण ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतो, त्याच जातीचा हा शब्द.

कागदावर मात्र या पाच उत्तरांचे दोन गट केले जातात. पहिली तीन उत्तरे म्हणजे तब्येत चांगली, शेवटची दोन म्हणजे तब्येत खराब. म्हणजे ज्या बाईने ‘ठीकठाक आहे’ असे सांगितले, तिची नोंद ‘खराब’ या रकान्यात झाली.

यातून एक कोडे तयार झाले. अमेरिकेतले लॅटिनो लोक, म्हणजे मेक्सिको, पोर्टो रिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबे, गोऱ्यांपेक्षा गरीब आहेत. तरी मृत्युदराच्या आकड्यांत ते बऱ्याचदा गोऱ्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याहून चांगल्या स्थितीत दिसत आले. मग स्वतःची तब्येत सांगताना ते इतकी खराब का सांगतात? शिकागो शहरातल्या प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखत कोणत्या भाषेत झाली याचा या उत्तराशी मोठा संबंध आहे, हे त्यात दिसून आले. ‘फेअर’चा ‘रेगुलार’ करणे हे त्यामागचे एक कारण असावे, असे संशोधकांनी मांडले.

एका शब्दाने लाखो माणसांच्या तब्येतीचा हिशेब हलतो, तर मग मनाच्या दुखण्याचे काय होत असेल? या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. मनाचे मोजमाप झालेच पाहिजे. पण ते माणसाच्या स्वतःच्या भाषेत आणि त्याच्या जगण्याला धरून झाले पाहिजे. नुसते भाषांतर करून भागत नाही.

मन मोजायचे कशासाठी?

आपल्याकडे अजूनही समजूत आहे की मन म्हणजे खाजगी गोष्ट, तिचे मोजमाप कसले करायचे? ताप आला तर थर्मामीटर, बीपीला पट्टा, साखरेला रक्ताचा थेंब. मनासाठी असे यंत्र नाही. तिथे प्रश्न हेच यंत्र. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस झोप लागली नाही?’, ‘किती दिवस जेवण गोड लागलं नाही?’ अशा प्रश्नांच्या उत्तरांना गुण देतात आणि त्यांची बेरीज करतात. १९७७ मध्ये आलेली ‘सीईएस-डी’ नावाची २० प्रश्नांची यादी आणि २००१ मध्ये आलेली ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी आज जगभर वापरली जाते. या याद्या रोगाचा शिक्का मारत नाहीत. कोणाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, एवढे त्या दाखवतात.

आणि मनाचे दुखणे मनापुरते राहत नाही. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात लॅटिनो लोकांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ माणसांची तपासणी झाली. मुलाखत इंग्रजीत द्यायची की स्पॅनिशमध्ये, हे ज्याने त्याने ठरवायचे होते. त्यांतल्या पाच हजारांहून अधिक लोकांना पुढे त्यांच्या ताणाबद्दल सविस्तर विचारले गेले : पैशाची चणचण, कामावरचा त्रास, नात्यांतली भांडणे, घरात कोणाचे आजारपण, कोणाचे व्यसन, कोणाची कायमची सेवा. ज्यांच्यावर असे दीर्घकाळचे ताण जास्त, त्यांच्यात हृदयरोग, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाणही जास्त आढळले.

ही यादी पुन्हा वाचा. यातली कोणती गोष्ट आपल्या गल्लीत नाही? शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ‘मीठ कमी करा, चाला’ एवढेच सांगितले जाते. घरावर कर्ज किती आहे, रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

त्याच अभ्यासात सीईएस-डीची दहा प्रश्नांची छोटी प्रत वापरली गेली. २७ टक्के लोकांमध्ये उदासीची लक्षणे जास्त प्रमाणात आढळली. पण उदासीवरची औषधे घेणारे सगळे मिळून जेमतेम ५ टक्के होते. आणखी एक गोष्ट पुढे आली. मेक्सिकन मुळाच्या लोकांमध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, तर पोर्टो रिकन लोकांमध्ये ३८ टक्के. सगळ्यांना ‘हिस्पॅनिक’ नावाच्या एकाच पोत्यात भरून सरासरी काढली असती, तर पोर्टो रिकन घरांतले दुखणे त्या सरासरीखाली दबून गेले असते. मोजताना कोणाला कोणाच्या गटात टाकले, यावरही दुखणे दिसणार की लपणार हे ठरते.

निळा रंग आणि ‘नेर्विओस’

इंग्रजीत उदास वाटण्याला ‘ब्लूज’ म्हणतात. सीईएस-डीच्या एका प्रश्नात हाच शब्द आहे : घरच्यांनी, मित्रांनी मदत करूनही हे ‘ब्लूज’ झटकता आले नाहीत, असे किती दिवस वाटले? याचे शब्दशः स्पॅनिश केले तर हाती नुसता निळा रंग येतो. म्हणून भाषांतर करणाऱ्यांनी तिथे ‘त्रिस्तेसा’, म्हणजे दुःख, हा शब्द घेतला. एवढी अडचण सुटण्यासारखी होती, सुटली.

खरी अडचण त्यापुढे आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी घरांत दुखण्याची स्वतःची नावे आहेत. ‘नेर्विओस’ म्हणजे नसांचा त्रास : चिडचिड, थरथर, डोके दुखणे, झोप न लागणे, रडू येणे, सगळे एकत्र. ‘सुस्तो’ म्हणजे मोठ्या भीतीनंतर जडलेले दुखणे. जीव अंगातून निघून गेला, अशी त्यामागची समजूत. आपल्या भाषेत याला ‘धसका’ म्हणतात, वेगळे समजावून सांगायला नको. आणि ‘आताके दे नेर्विओस’ म्हणजे नसांचा झटका. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी येते, घरात मोठे भांडण होते, आणि बाई एकदम किंचाळू लागते, थरथरते, छातीतून डोक्यापर्यंत आग चढते, कधी शुद्ध हरपते.

इंग्रजी यादीत यातले एकही नाव नव्हते. ऑक्टोबर १९८५ मध्ये पोर्टो रिको बेटावर भयंकर पूर आला, दरडी कोसळल्या. पोन्से शहराजवळची मामेयेस ही गरिबांची वस्ती दरडीखाली गाडली गेली. त्या आपत्तीत शंभरावर माणसे गेली. पुढे लोकांच्या मनावर झालेला परिणाम पाहण्यासाठी पाहणी झाली. त्या वेळी संशोधकांनी ठरलेल्या प्रश्नांच्या जोडीला एक प्रश्न लोकांच्या भाषेतला घातला : ‘तुम्हाला कधी आताके दे नेर्विओस आला होता का?’

‘हो’ म्हणणारे थोडेथोडके निघाले नाहीत. ते कोण होते? बायका जास्त. पंचेचाळिशीच्या पुढच्या जास्त. कमी शिकलेल्या, नवरा वारलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, हाताला काम नसलेल्या जास्त. चिंतेचे आणि उदासीचे आजारही त्यांच्यात जास्त दिसले. म्हणजे ज्यांच्यावर ओझे सर्वांत जास्त, त्या बायका या एका शब्दातून पुढे आल्या. १९९३ मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत, ‘आताके दे नेर्विओस’, ‘नेर्विओस’ आणि ‘सुस्तो’ या नावांना जागा मिळाली.

दुसरा धडा शरीराचा. १९८२ ते १९८४ या काळात अमेरिकेतल्या मेक्सिकन, क्युबन आणि पोर्टो रिकन लोकांची एक मोठी आरोग्य पाहणी झाली. त्यातली सीईएस-डीची उत्तरे तपासली तेव्हा दिसले की इंग्रजी यादीने मनाची लक्षणे आणि शरीराची लक्षणे असे जे वेगळे कप्पे मानले होते, ते या लोकांच्या उत्तरांत वेगळे राहत नाहीत. उदास वाटणे आणि अंग गळून जाणे एकत्रच येते. आपल्या वस्तीतली बाई दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, मला नैराश्य आलंय’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘अंग मोडून आलंय, छातीत धडधड होते, डोकं गरगरतं, जीव घाबरा होतो.’ तिला शक्तीची गोळी किंवा सलाईन मिळते आणि ती घरी येते. आठ दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. ती खोटे बोलत नसते. ऐकणाऱ्याच्या कागदावर तिच्या शब्दांना रकाना नसतो.

उत्तर देणाऱ्याचीही बाजू असते

प्रश्न बरोबर असला तरी उत्तर कोणासमोर दिले जाते, यालाही महत्त्व आहे. समोर शिकलेला, अधिकारी वाटणारा माणूस बसला की गरीब माणूस होला हो करतो. सौजन्य म्हणून करतो, भीतीपोटी करतो, लवकर सुटका व्हावी म्हणूनही करतो. स्पॅनिश भाषिकांच्या पाहण्यांत संशोधकांना हे वारंवार जाणवले आहे.

मधला दुभाषा कोण, हाही प्रश्न आहे. स्थलांतरितांच्या घरांत इंग्रजी शिकते ते शाळेत जाणारे पोर. तेच आईला घेऊन दवाखान्यात जाते आणि दोन्हीकडची बोलणी सांगते. आता आईने त्या दहा वर्षांच्या मुलासमोर सांगायचे का, की मला जगावेसे वाटत नाही? अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी तातडीची वेळ सोडून लहान मुलांना असे दुभाषा म्हणून वापरायला बंदी घातली. त्याआधी २००० मध्ये, इंग्रजी नीट न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजेल अशी व्यवस्था करा, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो आदेश रद्द केला गेला. ज्या देशात चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात, तिथली ही गोष्ट. आपल्या भाषेत आपले दुखणे सांगता येणे ही कोणाची मेहेरबानी म्हणून मिळाली, तर ती एका सहीने काढूनही घेता येते. म्हणून ती हक्क म्हणूनच मागावी लागते.

तुम्हाला कसं वाटतं, आणि तुमच्याशी कसं वागतात

मनाच्या बहुतेक याद्या एकच बाजू विचारतात : तुम्हाला कसं वाटतं? त्यात एक धोका आहे. दुखणे सगळे माणसाच्या आतच आहे, तोच कमकुवत आहे, असा अर्थ त्यातून निघतो. १९९७ मध्ये डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी नऊ प्रश्नांची एक वेगळी यादी पुढे आणली. तिच्यात विचारले जाते की लोक तुमच्याशी कसे वागतात. तुम्हाला कमी मान देतात का? दुकानात, हॉटेलात तुमच्याकडे दुर्लक्ष होते का? तुम्हाला अक्कल नाही, तुम्ही लबाड आहात, असे धरून चालतात का? तुम्हाला घाबरल्यासारखे करतात का? नावे ठेवतात का, धमकावतात का? आणि असे वर्षातून किती वेळा, महिन्यातून किती वेळा, की रोजच?

ही यादी आधी काळ्या आणि गोऱ्या अमेरिकनांच्या अभ्यासातून आली. आता लॅटिनो आणि इतर समाजांतही तिचा खूप वापर होतो. अपमान ही मोजण्यासारखी गोष्ट आहे आणि तिचा आरोग्याशी संबंध आहे, हे तिने वैद्यकशास्त्राला मान्य करायला लावले. भाड्याची खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारले जाते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही. पण दवाखान्याच्या कागदावर ते अजून आलेले नाही. माझे मत स्पष्ट आहे. माणसाचा ताण मोजायचा आणि ताण देणाऱ्या वागणुकीबद्दल अवाक्षर विचारायचे नाही, हे मोजमाप अर्धे आहे.

आणखीही एक अर्धी बाजू राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये मोजमापांचा एक संच प्रसिद्ध केला. इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही तो तयार झाला. राग, भीती, दुःख यांच्याबरोबर समाधान, जगण्यातला अर्थ, पाठीशी उभी राहणारी माणसे, एकटेपणा, स्वतःवरचा भरवसा हेही त्यात विचारतात. हे मला महत्त्वाचे वाटते. गरिबांच्या वस्तीत नुसते आजारच मोजत बसले, तर वस्ती म्हणजे आजारांचे घर असेच चित्र उभे राहते. शेजारीण रात्री दोन वाजता रिक्षा बोलावते, बाळंतिणीला चार घरचे डबे येतात, हेही आरोग्यच आहे. तेही मोजले पाहिजे.

दोन आक्षेप

काही जण म्हणतील, प्रत्येक समाजाच्या शब्दांत वेगळा प्रश्न विचारला, तर एकाची दुसऱ्याशी तुलना कशी करायची? आक्षेप खरा आहे. पण पोर्टो रिकोत ठरलेले प्रश्न काढून टाकले नव्हते. ते तसेच ठेवून लोकांचा एक शब्द जोडला होता. तुलनाही राहिली आणि बायकाही दिसल्या. चांगल्या भाषांतराची रीतही आता ठरलेली आहे. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करायचे. तिसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणून ताडायचे. निरनिराळ्या देशांतल्या स्पॅनिश भाषिकांना दाखवायचे, कारण मेक्सिकोतला शब्द क्युबात चालेलच असे नाही. आणि शेवटी साध्या माणसांना विचारायचे, ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’ ही शेवटची पायरी सगळ्यांत स्वस्त आहे आणि तीच सगळ्यांत आधी गाळली जाते.

दुसरा आक्षेप वस्तीतलाच. मोजून करायचे काय? डॉक्टर कुठे आहेत? हेही खरे आहे. पण मोजणी झाली नाही, तर डॉक्टर मागायचे कशाच्या आधारावर? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातली १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. वहीत नाव नाही, तर वाटपात वाटा नाही, हे आपल्याला रेशन दुकानाने शिकवले आहेच.

आपल्या दारातला कागद

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आशाताईंच्या हातातला सीबॅक फॉर्म बघा. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तो भरायचा असतो. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातले आजार हे सगळे विचारून झाल्यावर शेवटी मनाचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत काम करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती वेळा झाले? उदास, निराश, हताश किती वेळा वाटले? अजिबात नाही म्हटले तर ०, काही दिवस म्हटले तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३. दोन्हींची बेरीज ३ पेक्षा जास्त झाली, तर आरोग्य केंद्रात पाठवायचे. हे दोन्ही प्रश्न वर सांगितलेल्या पीएचक्यू-९ मधलेच आहेत.

आता आपण काय करतो? सासू पलंगावर बसलेली असते, नवरा दारात उभा असतो, आणि आपण म्हणतो, ‘बरं आहे, ताई.’ शून्य. दोन प्रश्न, दोन शून्ये, फॉर्म पूर्ण. आशाताईंनाही अजून कित्येक घरे करायची असतात.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, ‘बरं आहे’ हे उत्तर देऊ नका. दिवस मोजून सांगा. पंधरांपैकी किती दिवस करमलं नाही? किती दिवस कशात मन लागलं नाही? दोन, ‘उदास’ हा पुस्तकी शब्द कळला नाही तर आशाताईंना विचारा. त्यांनीही फॉर्ममधला प्रश्न वाचून झाल्यावर तो आपल्या बोलीत सांगावा : जीव लागत नाही, धसका घेतलाय, मनाला लागलंय, डोक्यात टेन्शन बसलंय. तीन, मनाचे प्रश्न बाजूला घेऊन विचारा, असे सांगायचा आपल्याला हक्क आहे. पोरांना दुभाषा किंवा साक्षीदार करू नका. चार, महिला मंडळांनी एका बैठकीत हे दोन प्रश्न मोठ्याने वाचावेत आणि कोणाला काय समजले ते लिहून आरोग्य केंद्राला द्यावे. मोजमाप सुधारण्याची ती शेवटची, स्वस्त पायरी आपली आपण चढू शकतो.

आणि कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर ते विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा आकडा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आशाताई आल्या की त्यांना पाच मिनिटे बसायला सांगा.